आडतीपासून आठवडे बाजारापर्यंत
१९६३चा बाजार समिती कायदा आला तो व्यापाऱ्याच्या मनमानीला आळा घालायलाच. पण आडत, हमाली, तोलाई कापूनच फळवाल्याची पट्टी व्हायची. त्यात सेंद्रिय पेरूचे हालच. लिलावात भाव ठरतो आकार न् चकाकीवर, जीवामृत कोण विचारतंय?

जुलै २०१६ला फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, आडतही खरेदीदारावर गेली. त्याच सुमारास पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार आले, अरणच्या सावता महाराजांच्या नावानं. माझ्या मते खरा बदल हाच. पेरूवर डाग का, हे खाणाऱ्याला तोंडावर सांगता येतं. मात्र घरचं एक माणूस दिवसभर स्टॉलवर अडकतं, तोडणीला दोन हात कमी पडतात. ही मजुरी कुठल्याच पट्टीत दिसत नाही. आम्ही ती किलोमागं धरतो.