उपासाचं रताळं आणि याकी-इमो
यंदाच्या नवरात्रात आम्ही तोक्योत होतो. बायकोचे नऊ दिवस उपास, आणि साबुदाणा संपलेला. सुपरमार्केटच्या दारातच गरमागरम भाजलेली रताळी, म्हणजे 'याकी-इमो'! लोणी देवकरहून आलेली आई म्हणाली, "हे तर आपलंच की!"

खरं तर दोघांचंही नाही. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते पोर्तुगीजांनी आणलं. जपानच्या बाजूला १६०५ मध्ये चीनमधून र्‍युक्यू बेटांवर (आजचं ओकिनावा) आलं. १७३२ मध्ये पश्चिम जपानात कीड पडून भात बुडाला, तेव्हा रताळं लावणारी गावं तगली. म्हणून १७३५ मध्ये आओकी कोन्यो यांनी एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, त्याची लागवड करून पाहिली.

आमचा इंदापूर तालुकाही कमी पावसाचा. भुकेच्या वर्षी जे पीक तारतं, ते आलं कुठून हे मग कोणी विचारत नाही.