कुटुंब न्यायालय समजून घेताना

पूर्वी नवरा-बायकोमधला तंटा दिवाणी न्यायालयात जमिनीच्या आणि उसनवारीच्या दाव्यांसोबत रांगेत उभा असे. या तंट्यांना निराळे न्यायालय हवे, हा विचार दुर्गाबाई देशमुखांनी १९५३ मधल्या चीनभेटीनंतर न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यापुढे मांडला. १९७४ मध्ये विधी आयोगाने कौटुंबिक दावे वेगळ्या पद्धतीने चालवावेत अशी शिफारस केली आणि १९८४ मध्ये संसदेने कुटुंब न्यायालय अधिनियम संमत केला. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. दुर्गाबाईंनी धरलेला हा आग्रह आपल्या न्यायव्यवस्थेला मिळालेली मोठी देणगी आहे, असे मी मानतो.

वाचकांनी आरंभ कलम ७ पासून करावा. घटस्फोट, न्यायिक विभक्तता, नांदायला येण्यासाठीचा दावा, विवाह वैध की अवैध हा प्रश्न, पती-पत्नींची मालमत्ता, पोटगी, अज्ञान मुलांचे पालकत्व, ताबा आणि भेटीचा हक्क, हे सारे इथे येते. भावाभावांतली वाटणी येत नाही. सासरच्या छळाची फौजदारी तक्रारही दंडाधिकाऱ्याकडेच जाते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या अधिनियमातले दिलासे मात्र चालू दाव्यात इथेही मागता येतात.

परंतु कार्यकक्षा पाठ झाली म्हणजे हे न्यायालय कळले, असे नाही. त्यासाठी कलम ९ सावकाश वाचा. निवाड्याआधी समझोत्याचा प्रयत्न करणे हे इथे न्यायाधीशांचे कर्तव्य आहे, आणि म्हणून विवाह समुपदेशकाची खोली न्यायदालनाइतकीच महत्त्वाची ठरते. मग पुढच्या तरतुदींची संगती आपोआप लागेल. पक्षकाराने मागणी केली तर सुनावणी बंद दालनात होते. वकील देणे हा हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. गरज पडल्यास न्यायालय न्यायमित्र नेमते. पुराव्याचे नियम सैल आहेत आणि साक्षीचा सारांश टिपला तरी चालतो. एकट्याने, घाबरत आलेल्या माणसाला आपले म्हणणे आपल्या शब्दांत सांगता यावे, हा त्यामागचा हेतू.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. समझोता म्हणजे कसेही करून संसार पुन्हा जोडणे, असा अर्थ तुम्ही घेऊ नका. जिथे मारहाण आहे, तिथे सन्मानाने वेगळे होणे हाही समझोताच. मुलाच्या ताब्याचा प्रश्न तर आईचा हक्क मोठा की वडिलांचा, असा कधीच नसतो. मुलाचे हित सर्वोपरी, हेच सूत्र निकालपत्रे वाचताना हाताशी ठेवा.

निकालावर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. उभयपक्षी संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर मात्र या अधिनियमाखाली अपील नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी समझोत्याची प्रत्येक अट दोघांनाही नीट समजली आहे ना, हे पाहणे इतके महत्त्वाचे ठरते.