फोन एकच, अभ्यास घरी : लहान भावंडांचं वाचन चालू कसं ठेवायचं?

मी श्रीपूरचा. माळशिरस तालुक्यातलं, अकलूजजवळचं, साखर कारखान्यामुळे ओळखलं जाणारं आमचं गाव. आज कुठल्या नव्या फोनचा रिव्ह्यू नाही. आजचा विषय आहे आपल्या घरातली छोटी मुलं, त्यांचं वाचन आणि आपल्या हातातला स्मार्टफोन.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. जून 2021 मध्ये नवीन वर्ष सुरू झालं, तेही घरूनच. माझी धाकटी बहीण पहिलीत होती तेव्हा शाळा थांबली, आणि तोपर्यंत ती तिसरीत गेली. म्हणजे अख्खी दुसरी तिने वर्गाचं तोंड न बघता काढली. घरात फोन आहे, नेट आहे, व्हॉट्सॲपवर अभ्यास येतोय, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं मला वाटत होतं.

मग एके दिवशी मी तिला धडा वाचायला सांगितला. तिने घडाघडा वाचला. मी सहज एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" ती चित्राकडे बघून म्हणाली, "पाऊस." तिथे लिहिलं होतं "ढग". मी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, तर ती रडवेली झाली. "दादा, मला येतंय की!" धडा तिला येत होता, पण ऐकून पाठ झालेला. व्हिडिओ दहा वेळा बघितला होता ना!

चूक तिची नव्हती. फोन तिच्या हातात देऊन मी बाजूला झालो होतो.

## घरात फोन आहे म्हणजे काम झालं का?

असर 2020 च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2018 मध्ये हेच प्रमाण 36.5 टक्के होतं. म्हणजे फोन वाढले. पण घरातला फोन मुलाचा नसतो. आमच्याकडे वडील कारखान्यात पाळीवर गेले की फोन त्यांच्याबरोबर जातो. उरतो माझा, आणि त्यावर माझंही कॉलेज असतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावून कविता, गोष्टी, व्हिडिओ मुलांपर्यंत पोचवले. पुढे राज्याच्या पुस्तकांतही हे कोड आले. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पण कोड हा फक्त दरवाजा आहे. मूल आत जाऊन वाचतंय की नुसतं बघतंय, हे शेजारी बसलेल्या माणसालाच कळतं. शाळा बंद होत्या तेव्हा तो माणूस म्हणजे आपणच होतो, घरातले दादा-ताई.

## आधी दोन मिनिटांची तपासणी करा

1. न वाचलेलं पान उघडा. पाठ झालेला धडा नको.
2. चित्रावर हात ठेवा.
3. शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. पाठ केलेलं असेल तर इथे लगेच कळतं.
4. कुठे अडतंय ते लिहून ठेवा. काना-मात्रा, वेलांटी की जोडाक्षर? आमच्या छोटीचं गाडं जोडाक्षरावर अडत होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ही परीक्षा नाही. रागावलात तर उद्या मूल पुस्तक बघून पळेल.

## फोन मुलाच्या हातात देण्याआधी

स्क्रीन पिनिंग चालू करा. अँड्रॉइडमध्ये हे फीचर असतं. सेटिंग्जच्या शोध चौकटीत "पिन" टाकलं की पर्याय दिसतो. तो चालू करा, वाचनाचं ॲप उघडा, मग रिसेंट ॲप्सच्या यादीत त्या ॲपच्या आयकॉनवर दाबून "पिन" निवडा. आता मूल त्या ॲपमधून सहज बाहेर जाऊ शकत नाही. पिन काढताना लॉक विचारायची सोयही तिथेच असते, तीही चालू करा.

गोष्टी आधीच डाउनलोड करा. रात्री डेटा उरतो तेव्हा हे काम करून टाका. वाचताना नेट बंद ठेवा, म्हणजे मध्येच मेसेज येत नाहीत आणि डेटाही वाचतो.

अक्षर मोठं करा. पीडीएफ आडव्या स्क्रीनवर उघडा. बारीक अक्षरांमुळे मुलं लवकर कंटाळतात.

## मराठी वाचनासाठी चार मोफत साधनं

1. रीड अलाँग : गूगलचं हे ॲप भारतात 2019 मध्ये "बोलो" नावाने आलं. 2020 मध्ये ते नव्या नावाने मराठीसह नऊ भाषांत आलं. मूल मोठ्याने वाचतं, "दिया" नावाचं पात्र ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. गोष्टी डाउनलोड केल्यावर नेटशिवाय चालतं आणि आवाज फोनमध्येच तपासला जातो. पण कुठल्याही अशा ॲपला बोलीतला उच्चार कधी कधी कळत नाही. मुलाने बरोबर वाचलं असेल तर "बरोबर आहे" असं आपण म्हणायचं.

2. स्टोरीवीव्हर : प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं हे ऑनलाइन गोष्टींचं भांडार आहे. मराठी निवडा, मग पातळी निवडा. पहिल्या पातळीत सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात आणि गोष्ट 250 शब्दांच्या आत संपते. मूल तिसरीत असलं तरी गरज असेल तर पहिल्या पातळीपासूनच सुरू करा. त्यात लाज कसली!

3. दीक्षा आणि बालभारती : पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या साइटवर मोफत मिळतात. धड्याचा क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये स्कॅन करा. पुस्तकच फोनवर असेल तर त्याच फोनने स्कॅन कसं करणार? कोडखाली सहा अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो, तो ॲपमध्ये टाइप करा.

4. किशोर मासिक : बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. थोडं बरं वाचणाऱ्या मुलांसाठी उत्तम.

चारही एकदम उघडू नका. एक निवडा, महिनाभर तेच चालवा.

## आमचं रोजचं 20 मिनिटांचं वेळापत्रक

- पहिली 5 मिनिटं : मी वाचतो, ती बोट फिरवते.
- पुढची 10 मिनिटं : ती मोठ्याने वाचते. शब्द अडला तर मी मनात तीनपर्यंत मोजतो, मगच सांगतो.
- शेवटची 5 मिनिटं : फोन बंद. अडलेले तीन शब्द वहीत लिहायचे आणि गोष्ट आजीला सांगायची.

खरी गंमत आजीमुळे झाली. तिला मोतीबिंदू आहे, पेपर वाचता येत नाही. छोटी तिला रोज राशीभविष्य वाचून दाखवायला लागली. "आजी, तुला आज धनलाभ आहे!" असं ओरडत ती घरभर फिरली, तेव्हा मला कळलं की "धनलाभ" हा शब्द तिने पाठ केलेला नव्हता. वाचला होता. कोणीतरी आपलं ऐकायला थांबलंय, हे मुलाला कुठल्याही ॲपमधल्या स्टारपेक्षा जास्त आवडतं.

## फोन किंवा नेट नसेल तर?

सोलापूर शहरात नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी 2020 मध्ये वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. ज्यांच्याकडे फोन नाही ती मुलंही येता-जाता वाचू लागली. आपणही दारामागे रोज एक वाक्य खडूने लिहू शकतो. किराण्याच्या पुड्याचा कागद, बिस्किटाचं वेष्टन, दुकानाची पाटी, सगळं वाचायला चालतं. शाळा बंद असताना जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली "टिलीमिली" मालिकाही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीच होती.

## नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

व्हिडिओ पूर्ण बंद करायचे का? नाही. आधी पान वाचायचं, मग त्यावरचा व्हिडिओ बघायचा. फक्त क्रम बदला.

रोज जमलं नाही तर? माझंही होतं असं. परीक्षेच्या आठवड्यात आमचे चार दिवस बुडाले. पाचव्या दिवशी सोप्या गोष्टीपासून पुन्हा सुरू केलं.

छोटी अजून जोडाक्षराला थांबते. पण आता चित्राकडे बघत नाही, अक्षराकडे बघते. तर मित्रांनो, आज रात्री तुमच्या घरातल्या छोट्याला एक न वाचलेलं पान वाचायला द्या आणि शेजारी बसा. माहिती आवडली तर घरात लहान मुलं असलेल्या मित्राला नक्की पाठवा.