कोंड्याचा मांडा : एका राळेचा इतिहास



मराठीच्या प्राध्यापकाने रसायनाच्या प्रांतात शिरावे, हे आपणांस धाडसाचे वाटेल. परंतु या विषयाकडे मला एका शब्दानेच नेले. लॅटिन भाषेत ‘फुरफुर’ म्हणजे कोंडा. त्यावरूनच ‘फरफ्युराल’ व ‘फ्युरान’ ही नावे रूढ झाली. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे कौतुक आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. रसायनशास्त्राने ते बोल अक्षरशः खरे केले.

जर्मन रसायनज्ञ डोबरायनर यांना फॉर्मिक आम्ल तयार करताना एक तेलकट द्रव मिळाला. १८३२ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. कोंडा, भुसा, कणसे यांवर सौम्य गंधकाम्लाची क्रिया केली असता तोच द्रव मिळतो, हे स्टेनहाउस यांनी १८४० मध्ये दाखविले. वनस्पतींतील पेंटोसान या घटकाची पाच कर्बाणूंची साखर होते व तिच्यातून पाणी निघून गेले की फरफ्युराल उरते. तरीही ऐंशी वर्षे ते प्रयोगशाळेतच राहिले. १९२२ मध्ये अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने न्याहारीच्या ओटांची उरलेली टरफले वापरून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

फरफ्युरालपासून फरफ्युरिल अल्कोहोल होते. त्यात आम्ल मिसळले की ते घट्ट होऊन काळी, न वितळणारी राळ बनते. आम्लांना दाद न देणाऱ्या विटांच्या अस्तरात ती सांध्यांसाठी वापरतात. तिचे मुख्य क्षेत्र मात्र ओतशाळा. वाळूत राळ व आम्ल कालवले की साचा भट्टीत न भाजताच कठीण होतो.

येथे आपला इतिहास आठवतो. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्यास तोफा ओतल्या जात. आपले जुने ओतारी साच्याच्या मातीत शेण व तूस कालवीत. तूस जळून सूक्ष्म छिद्रे पडत व वायूंना वाट मिळे. म्हणजे कोंडा साच्यात पूर्वीपासूनच होता. नव्या विद्येने त्याला केवळ रूप पालटून परत आणले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर घडविले. पुढे कोल्हापूर परिसर ओतकामाचे मोठे केंद्र झाला. त्याच परिसरात साखर कारखानेही आहेत. ज्या चिपाडांत पेंटोसान भरपूर, ती बहुतांशी बॉयलरमध्ये जळतात. कच्चा माल आणि गिऱ्हाईक एकाच शिवारात असताना त्यांना जोडणारी विद्या तेवढी हवी.

मात्र वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, असा भाबडा समज नको. फरफ्युरिल अल्कोहोलच्या वाफा डोळ्यांना व श्वासमार्गाला झोंबतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवाला कर्करोग होण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत त्याची गणना केली आहे. म्हणून ओतशाळेत खेळती हवा ही चैन नव्हे, कामगाराचा हक्क होय.

मांडा करणारी गृहिणी कोंडा वाचवीत असे, तो घरच्यांच्या मुखात घास पडावा म्हणून. उद्योगाने तिच्याकडून काटकसर घेतली; तिची ही माया घेतली, तरच तो मांडा गोड लागेल. या शाळेतून रसायन शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.