अनुबंध-पालकत्व

अनुबंध-पालकत्व ही बालसंगोपनाची एक विचारप्रणाली आहे. तान्ह्या मुलाला शरीराने जवळ ठेवणे आणि त्याच्या रडण्याला व हावभावांना तत्परतेने प्रतिसाद देणे यांवर तिचा भर असतो. इंग्रजीतील ‘अटॅचमेंट पेरेंटिंग’ ही संज्ञा अमेरिकी बालरोगतज्ज्ञ विल्यम सिअर्स आणि त्यांच्या पत्नी, परिचारिका मार्था सिअर्स यांनी रूढ केली. प्रणालीचे समर्थक मानसशास्त्रातील अनुबंध सिद्धांताचा आधार घेतात. मात्र सिद्धांत आणि प्रणाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिद्धांत मूल व पालक यांच्यातील भावबंध कसा घडतो याचे विवेचन करतो, तर प्रणाली पालकांना विशिष्ट आचार सुचवते.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

अनुबंध सिद्धांताची मांडणी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी केली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी निराधार मुलांच्या मानसिक आरोग्यावर लिहिलेला अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी ब्रिटनमधील रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांना आईवडिलांची भेट फारच मर्यादित वेळ मिळत असे. बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये अशा एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला आणि वरकरणी शांत दिसणाऱ्या मुलाचे दुःख डॉक्टरांसमोर आणले. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने भेटीच्या वेळांवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांच्या मातांना रुग्णालयात सोबत राहता यावे, अशी शिफारस केली.

मूल आईला चिकटते ते केवळ दुधासाठी, ही तत्कालीन समजूत बोल्बी यांनी नाकारली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या प्रयोगांतही माकडांची पिल्ले दूध देणाऱ्या तारेच्या प्रतिकृतीपेक्षा मऊ कापडी प्रतिकृतीला अधिक वेळ बिलगून राहत असल्याचे आढळले.

मेरी एन्सवर्थ यांनी १९५४–५५ मध्ये युगांडात आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता व अर्भकांचे घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांनी विकसित केलेल्या ‘अपरिचित परिस्थिती’ या चाचणीत सुमारे वर्षभराचे मूल थोडा वेळ आईपासून दूर ठेवले जाते. आई गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते कसे वागते, याला वर्गीकरणात अधिक महत्त्व असते. त्यावरून अनुबंधाचे सुरक्षित, परिहारी आणि उभयभावी असे तीन प्रकार मानले गेले. मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी पुढे असंघटित हा चौथा प्रकार जोडला.

प्रमुख आचार

सिअर्स दांपत्याने पुढील सात आचार सांगितले आहेत:
• जन्मानंतर लगेच जवळीक साधणे
• स्तनपान
• बाळाला कापडी झोळीत अंगाशी बांधून वावरणे
• बाळाच्या निकट झोपणे
• रडणे ही बाळाची भाषा मानणे
• बाळाला कठोर वेळापत्रकात बसवणाऱ्या सल्ल्यांपासून सावध राहणे
• बाळाच्या आणि स्वतःच्या गरजांत समतोल राखणे

यांपैकी बाळाला अंगाशी बांधणे किंवा जवळ झोपवणे या गोष्टी भारतासह आशिया व आफ्रिकेतील अनेक समाजांत पूर्वापार चालत आलेल्या आहेत.

भावनिक आरोग्याशी संबंध

अर्भकाला स्वतःची भीती किंवा अस्वस्थता एकट्याने शमवता येत नाही. सांभाळणारी व्यक्ती पुनःपुन्हा शांत करते, तेव्हा मदत मिळते अशी अपेक्षा त्याच्या मनात रुजते आणि भावनांचे नियमन ते हळूहळू शिकते. अशी व्यक्ती मुलासाठी ‘सुरक्षित आधारस्थान’ ठरते. तिच्या भरवशावर ते भोवतालचा शोध घेते.

या नात्याच्या अभावाचे परिणाम रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यात अनाथालयांतील १३६ मुलांपैकी निम्म्यांना यादृच्छिक निवडीने प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. या मुलांत सुरक्षित अनुबंधाचे प्रमाण अनाथालयात राहिलेल्या मुलांपेक्षा अधिक आढळले. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांना याचा विशेष लाभ झाला.

असुरक्षित अनुबंध हा आजार नव्हे. तो काही अडचणींचा धोका वाढवू शकतो, परंतु मुलाचे भवितव्य ठरवत नाही. परिस्थिती बदलल्यास अनुबंधाचा प्रकारही बदलू शकतो.

पुरावा आणि टीका

सुरक्षित अनुबंधासाठी सातही आचार आवश्यक आहेत, असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. १९९७ मध्ये ६६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात आईची संवेदनक्षमता, म्हणजे मुलाच्या खुणा ओळखून योग्य प्रतिसाद देण्याची क्षमता, आणि सुरक्षित अनुबंध यांत मध्यम स्वरूपाचा संबंध आढळला. बाटलीने दूध पाजणाऱ्या किंवा बाळाला पाळण्यात झोपवणाऱ्या पालकांतही ही क्षमता असू शकते. दुसरीकडे, न्यूयॉर्कमधील अल्प उत्पन्न गटातील मातांवरील १९९० च्या एका छोट्या प्रयोगात कापडी झोळी वापरणाऱ्या गटात सुरक्षित अनुबंध ८३ टक्के, तर प्लॅस्टिकचे बाळ-आसन वापरणाऱ्या गटात ३८ टक्के आढळला.

प्रत्येक हाकेला अचूक प्रतिसाद देणेही अपेक्षित नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांनुसार माता व अर्भकांच्या सामान्य संवादातही वारंवार विसंगती होते. ती पुन्हा जुळवून घेणे विकासाला उपकारक ठरते.

या प्रणालीमुळे सारा भार आईवर पडतो आणि नोकरी करणाऱ्या मातांत अपराधभाव निर्माण होतो, अशी टीका केली जाते. मुलाचा अनुबंध मात्र एकट्या आईशीच जुळतो असे नाही. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगो येथील ६० अर्भकांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दीड वर्षाच्या वयापर्यंत बहुतेक मुलांचा एकाहून अधिक व्यक्तींशी अनुबंध जुळल्याचे दिसले. वडील, आजी-आजोबा किंवा नियमित सांभाळणारी अन्य व्यक्तीही मुलाचे आधारस्थान होऊ शकते.

एकाच बिछान्यात झोपण्याबाबत वैद्यकीय आक्षेप आहेत. अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूचा धोका लक्षात घेऊन अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही संस्था बाळाला पालकांच्या खोलीत, परंतु स्वतंत्र, सपाट व टणक पृष्ठभागावर पाठीवर झोपवण्याची शिफारस करते.