रेघांत भाव नसतो

परवा गारखेड्यातल्या एका किराणा दुकानात आमच्याकडून साबणाचे दोन रुपये जास्त घेतले. "सर, मशीन चुकत नाही," दुकानदार म्हणाला. खरंच, मशीन चुकलं नव्हतं! 1949 च्या सुमारास वुडलंड यांनी मायामीच्या वाळूत बोटांनी रेघा ओढल्या. 26 जून 1974 ला ओहायोत च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं. पण त्या रेघांत असतो फक्त नंबर. हातातलं यंत्र प्रकाश टाकतं. पांढरी जागा तो परत पाठवते, काळी गिळून टाकते. (890 म्हणजे माल भारतातलाच, असंही नाही, कंपनीची नोंदणी इथली, एवढंच.) रांग लवकर सरते, साठा कळतो, हे मान्यच. भाव मात्र संगणकात माणूस भरतो. साबणाचा भाव उतरला, तिथं जुनाच राहिला होता. दुकानदाराने पाहिलं, दोन रुपये परत दिले.