तंबूची मेख : हलकी हवी, तशी दिसायलाही हवी

एखाद्या व्यवहारातील खरी अडचण सांगताना मराठी माणूस ‘इथेच तर मेख आहे’ असे म्हणतो. तंबूच्या बाबतीत हे बोलणे शब्दशः खरे ठरते. कापड किती हलके, दांडे कशाचे, पाऊस किती सोसेल याची चौकशी शहरी पक्षिनिरीक्षक आणि गिर्यारोहक तासन्‌तास करतात. मेखा मात्र तंबूबरोबर पिशवीत ज्या येतील त्या मुकाट्याने स्वीकारल्या जातात. उघड्या माळावर संध्याकाळी वळवाचा वारा सुटला, की तंबू उभा राहणार की उडणार हे त्या बोटाएवढ्या तुकड्यांवर ठरते. गेल्या काही वर्षांत टायटॅनियमच्या अतिशय हलक्या मेखा सर्रास मिळू लागल्या आहेत. त्यांचे गुण मोठे आहेत. दोष एकच, तो म्हणजे जमिनीत ठोकल्यावर त्या दिसत नाहीत.

या मेखांची परीक्षा पाहण्यासाठी करमाळ्याइतके योग्य ठिकाण सहसा सापडणार नाही. सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या या तालुक्यात थोड्या अंतरात जमिनीचे तीन स्वभाव भेटतात. ज्वारीच्या रानांतील काळी माती, माळावरचा टणक मुरूम आणि उजनी जलाशयाच्या काठावरचा मऊ गाळ. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भिगवणच्या समोरचा, केत्तूर-पोमलवाडीकडचा काठ पाण्याला लागला. हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले, की रोहित पक्ष्यांसाठी तिकडे पुण्या-मुंबईची माणसे येतात. (माळढोक अभयारण्याची हद्द जिथे असेल, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, एवढे ध्यानात असावे.)

तंबू करमाळ्याला नवीन नाही. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आषाढी वारीत करमाळा, जेऊर, कंदर या मार्गाने जाते आणि तिच्या दिंड्यांच्या राहुट्या या मातीत वर्षानुवर्षे ठोकल्या जात आहेत. त्यांच्या मेखा लोखंडी सळईच्या असतात. बारा मिलिमीटर जाडीची दीड फुटी मेख सुमारे चारशे ग्रॅम भरते. ती ट्रकमधून जाते आणि घणाने ठोकली जाते, म्हणून वजनाची तक्रार कोणी करत नाही. रानात मेंढ्या बसवणारे धनगर जाळीभोवती लाकडी खुंट ठोकतात. लोखंडी मेख काय किंवा लाकडी खुंट काय, दोन्ही जाड आणि जमिनीच्या वर चांगले दिसणारे. त्यांना अडखळून पडणारा माणूस विरळाच. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्याला मात्र ही चैन परवडत नाही, आणि तिथे टायटॅनियमचा प्रवेश होतो.

धातूचा स्वभाव

१७९१ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूत हे मूलद्रव्य प्रथम आढळले. चार वर्षांनी जर्मन रसायनज्ञ क्लॅपरोथ याने त्याला टायटॅनियम हे नाव दिले. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइट हे त्याचे खनिज आहे. खनिज विपुल असूनही धातू महाग का, याचे उत्तर त्याच्या शुद्धीकरणात आहे. १९४० च्या सुमारास विल्यम क्रोल यांनी बसवलेल्या पद्धतीत आधी त्याचे क्लोराइड करून मग मॅग्नेशियमच्या साहाय्याने धातू सुटा करावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला ऊर्जाही फार लागते.

टायटॅनियमची घनता पाण्याच्या साडेचार पट, लोखंडाची जवळजवळ आठ पट आणि ॲल्युमिनियमची पावणेतीन पट असते. तीन मिलिमीटर जाडीच्या, वाकवलेल्या डोक्यासह वीस सेंटिमीटर तारेची टायटॅनियमची मेख त्यामुळे साडेसहा ग्रॅमच्या आत राहते. तीच लोखंडी केली तर अकरा ग्रॅम. म्हणजे दहा मेखांमागे वाचलेले वजन पन्नास ग्रॅमही नाही. केवळ एवढ्यासाठी कितीतरी पट पैसे मोजणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे. खरा फायदा वेगळाच आहे. ही मेख गंजत नाही, ओल्या गाळात आठवडाभर राहिली तरी तशीच निघते आणि तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेसारखी पहिल्याच दगडाला लवून जात नाही.

जमिनीप्रमाणे मेख

मुरमाड माळावर बारीक, गोल मेख उपयोगी पडते, कारण ती खड्यांमधून वाट काढते. मात्र टायटॅनियम पोलादाच्या निम्म्यानेच ताठ असल्याने ती लवचीक असते. दगडाने तिरका घाव बसला की धनुष्यासारखी वाकते. इथे तीनऐवजी चार मिलिमीटर जाडीची मेख घ्यावी. वजन पावणेदोन पट होते, पण ताठपणा तिपटीहून अधिक वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. दुकानात या दोन मेखा शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्याला जाणवतही नाही, पण माळावर तो पहिल्याच घावाला कळतो. अशी जागा नेहमीची असेल तर हलक्या मेखांमध्ये चार तरी जाड ठेवाव्यात आणि वाऱ्याच्या बाजूला त्याच ठोकाव्यात.

काळ्या मातीचे वागणे ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात ती लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात भेगाळलेली असते. भेगेत गेलेली मेख ठोकताना सहज जाते आणि वाऱ्यात तितक्याच सहज बाहेर येते. म्हणून दोन भेगांमधले अखंड ढेकूळ शोधावे. ओल्या काळ्या मातीला बारीक तार पुरत नाही. तिथे इंग्रजी वाय किंवा व्ही अक्षरासारख्या छेदाची मेख घ्यावी, कारण तिचे अंग रुंद असल्यामुळे माती तिला धरते. या प्रकारात ॲल्युमिनियमची मेखही चांगली असते आणि स्वस्त पडते. टायटॅनियमचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

उजनीच्या काठावर पाणी मागे सरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेराच्या जमिनीत तर कोणतीच छोटी मेख टिकत नाही. तिथे कापडी पिशवीत माती भरून, तिला दोरी बांधून ती वीतभर खोल पुरणे हाच उपाय. मेख कुठलीही असो, ती तंबूपासून किंचित दूर कलती आणि डोक्यापर्यंत आत ठोकावी. वर राहिलेला प्रत्येक बोटभर भाग वाऱ्याला तरफ पुरवतो.

नेमकी इथेच अडचण सुरू होते. डोक्यापर्यंत आत गेलेली, तीन मिलिमीटरची, करड्या रंगाची वस्तू दिसणार कशी? फेब्रुवारीत ज्वारी काढलेल्या रानात हजारो धसकटे उभी असतात. त्यांच्यात टायटॅनियमची मेख शोधणे म्हणजे धसकटांत धसकट शोधणे.

हरवलेली मेख कोणाच्या पायात?

मेख हरवली तर नुकसान फक्त खिशाचे होत नाही. लोखंडी मेख मातीत राहिली तर काही पावसाळ्यांत गंजून ठिसूळ होते, आणि लोहचुंबक फिरवला तर ती सापडतेही. टायटॅनियमला साधा लोहचुंबक ओढत नाही, आणि गंज म्हणजे काय हे त्या धातूला ठाऊक नाही. ज्या गुणासाठी पैसे मोजले, तोच गुण रानात राहिल्यावर अवगुण ठरतो. टोकदार तार पुढच्या नांगरटीला वर येते. मेंढीच्या खुरात, बैलाच्या पायात, अनवाणी माणसाच्या तळव्यात किंवा ट्रॅक्टरच्या चाकात जाते. मुक्काम एका रात्रीचा असतो, पण रानाच्या मालकाला तिथे पुढची पन्नास वर्षे पेरणी करायची असते. त्यामुळे मेखेला रंग देणे हा हौसेचा नव्हे, तर शेजारधर्माचा भाग आहे.

कोणता रंग?

बहुतेक तयार मेखांची डोकी नारिंगी असतात. ज्या देशांत बारमाही हिरवळ असते तिथे ते ठीक; करमाळ्याच्या तांबूस मुरमावर आणि वाळल्या गवतावर नारिंगी व पिवळा दोन्ही रंग मिसळून जातात. लाल रंगाचे दुखणे वेगळे. याच तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कुंकवाचा जो लाल रंग दुपारी डोळ्यांत भरतो, तोच दिवेलागणीला काळपट दिसू लागतो. मंद प्रकाशात डोळ्याची संवेदनशीलता निळ्या-हिरव्या बाजूला सरकते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली. तंबू बहुधा संध्याकाळीच ठोकला जातो, त्यामुळे लाल बाद. शिवाय लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणाऱ्या पुरुषांची संख्याही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

राहिला तो भडक, चमकणारा राणी रंग. मुरूम, काळी माती, धसकट, गवत यांपैकी कशाचाही तो रंग नाही. काळ्या रानात पांढराही चालतो. गंमत म्हणजे पांढऱ्या तैलरंगातील पांढरेपणा बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचाच असतो, म्हणजे न दिसणाऱ्या धातूला त्याच्याच भाऊबंदाने दिसते करायचे.

रंग लावण्याआधी मेखेचे डोके पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावे आणि थिनरने पुसावे. गुळगुळीत टायटॅनियमवर रंग धरत नाही. आधी पांढऱ्या प्रायमरचा हात द्यावा, कारण चमकणारे रंग पांढऱ्या पायावरच खुलतात. मग राणी रंगाचे दोन पातळ हात. रंग फक्त वरच्या तिसऱ्या भागाला द्यावा. खालचा रंग मातीत खरवडून तिथेच राहतो. घाईच्या वेळी नखांना लावायचे नेलपॉलिशही एखाद्या सहलीपुरते काम भागवते. चमकणारे रंग उन्हाने विटतात, तेव्हा दर हंगामाला एक हात हवाच.

टायटॅनियमला विजेच्या साहाय्याने रंगीत करण्याची एक देखणी पद्धत आहे. द्रावणात बुडवून विद्युतदाब वाढवत नेला, की पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि रंगद्रव्याचा थेंबही न वापरता सोनेरी, जांभळे, निळे रंग उमटतात. हातात धरून पाहायला ते सुंदर असतात. दहा पावलांवरून त्यांचा उपयोग शून्य.

रंगापेक्षाही अधिक खात्रीचा उपाय म्हणजे मेखेच्या डोक्यात भडक नायलॉन दोरीचा वीतभर फास कायम बांधून ठेवणे. मेख पूर्ण आत गेली तरी फास वर राहतो, वाऱ्यात हलतो आणि हलणारी वस्तू डोळा लवकर टिपतो. उपटताना मूठ म्हणूनही तो कामी येतो. रात्रीसाठी या फासावर रेडियमची पट्टी गुंडाळावी. आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणून जी पट्टी वाहनांवर चिकटवतात तिच्यात रेडियम मुळीच नसते. तिच्यातील बारीक काचमणी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून विजेरी कपाळावर बांधलेली असली तर पट्टी लखलखते, आणि कमरेजवळ धरली तर निम्मीही दिसत नाही. तंबूच्या तणाव्यांवर, म्हणजे ताणलेल्या दोऱ्यांवरही, गुडघ्याच्या उंचीला एकेक पट्टी असावी. रात्री माणूस अडखळतो तो बहुधा मेखेला नव्हे, तणाव्यालाच. अंधारात आपोआप उजळणारा रंगही मिळतो, पण पहाटेपर्यंत तो मंदावलेला असतो.

निघताना मेखा मोजाव्यात आणि आणल्या तितक्याच जाड कापडाच्या वेगळ्या पिशवीत घालाव्यात; तंबूत गुंडाळल्या तर टोके कापड फाडतात. एक कमी भरली तर तंबूचा चौथरा नजरेसमोर आणून कोपऱ्या-कोपऱ्याने हात फिरवावा. वाळलेल्या काळ्या मातीत मेख रुतून बसली असेल तर ओढाताण करू नये, डोके तुटून टोक आतच राहते. तांब्याभर पाणी बुडाशी ओतावे, पाच मिनिटे थांबावे, फासात दुसरी मेख आडवी घालून थोडे फिरवावे आणि सरळ वर उचलावे.